लेकीचा आवाज बसला आहे का?



गेल्या अंकातल्या गुडघेदुखीच्या लेखावर बरेच फोन आले, त्याबद्दल आभार. या वेळी रक्तदाबावर लिहायचे ठरले होते. पण मध्यंतरी एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर घडली. ती ज्या माउलीच्या घरची आहे तिनेच सांगितले, "सिस्टर, नाव न घालता लिहा. माझ्यासारख्या आणखी असतील." म्हणून रक्तदाब पुढच्या अंकात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. कोण असेल याचा तर्क करत बसू नये ही विनंती. आपला समाज लहान आहे, आणि तर्क फार लवकर गावभर होतात.

त्यांना मी बाई म्हणते. आमच्याच इमारतीत राहतात, वय ७२. यजमान जाऊन नऊ वर्षे झाली. एकुलती लेक बी.कॉम. झालेली, मुंबईत एका कचेरीत चार वर्षे हिशेबाचे काम केलेली. लग्न होऊन दुबईला गेली. जावयाला चांगली नोकरी, अल कुसैस भागात घर. रोज रात्री लेकीचा व्हिडिओ कॉल यायचा आणि जावई शेजारी बसलेला असायचा. बाई कौतुकाने सांगायच्या, "किती प्रेमळ आहे, रोज माझी चौकशी करतो." मलाही ते चांगलेच वाटले होते. लेक आईशी कधीच एकटी बोलत नाही, हे आम्हां दोघींच्याही लक्षात आले नाही.

दीड वर्षापूर्वी एका संध्याकाळी मी बाईंना बी-बाराचे इंजेक्शन द्यायला गेले होते. तेवढ्यात फोन आला. मुलीचा आवाज पार बसलेला, घोगरा. घरात असून गळ्याभोवती ओढणी.

बाई म्हणाल्या, "आवाजाला काय झालं गं?"

"एसीमुळे, आई. सर्दी झालीय."

मी सहज फोनसमोर जाऊन विचारले, "गिळताना दुखतं का?"

तिने डोळे बाजूला वळवले. म्हणाली, "हो मावशी, थोडं." आणि फोन बंद झाला.

सर्दीने आवाज बसतो, हे खरे. पण सर्दी झालेल्या मुलीच्या नाकातून आवाज येतो, ती शिंकते, नाक पुसते. हिचे नाक मोकळे होते. आवाज घोगरा, गिळताना दुखते आणि गळा झाकलेला, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की नर्सच्या मनात एकच शंका येते. कुणी गळा आवळला असेल का?

इथे थोडे वैद्यकीय सांगते, कारण हे फार थोड्यांना माहीत असते. गळा दाबल्यावर बाहेर वळ उठतातच असे नाही. कित्येकदा त्वचेवर काहीही दिसत नाही. आत मात्र स्वरयंत्राला सूज येते, मेंदूकडे रक्त नेणाऱ्या नसांना इजा होऊ शकते. त्यामुळे काही तासांनी, कधी काही दिवसांनीसुद्धा श्वास अडकणे किंवा लकवा मारणे असे घडू शकते. आवाज बदलणे, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होणे, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात किंवा पापण्यांवर टाचणीएवढे लाल ठिपके दिसणे, चक्कर येणे, त्या वेळी काय झाले ते नीट न आठवणे, कपड्यात लघवी होणे, यातले एक जरी असले तरी त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. "आता बरं वाटतंय" म्हणून घरी थांबू नये. आणि ज्याने एकदा गळ्याला हात घातला तो पुढे जिवावर उठण्याचा धोका पुष्कळ वाढतो, हे जगभरच्या डॉक्टरांनी आणि पोलिसांनी नोंदवलेले आहे. गळ्याला हात म्हणजे नुसते भांडण नव्हे.

हे मी बाईंना सांगितले तेव्हा त्या चिडल्या. "काहीतरीच काय, सिस्टर? एवढं शिकलेलं घराणं." मग गप्प झाल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "दोन वर्षांपूर्वी तिने एकदा सांगितलं होतं मला, हात उचलतो म्हणून. मी म्हटलं, सांभाळून घे."

मी त्यांना बोल लावला नाही. लावणार तरी कोणत्या तोंडाने? १९७९ साल असेल. मी एका इस्पितळात कॅज्युअल्टीला होते. एक बाई दोन महिन्यांत तीनदा आली. पहिल्यांदा मनगट, दुसऱ्यांदा कान. सोबत नवरा, आणि तिच्याऐवजी तोच उत्तरे द्यायचा, "जिन्यावरून पडली." मी केसपेपरवर तेच लिहिले. दंडावर बोटांच्या खुणा होत्या, काही जुन्या पिवळ्या पडलेल्या, काही ताज्या निळ्या. जिन्यावरून पडणाऱ्याला वेगवेगळ्या दिवसांच्या खुणा कशा असतील? मला कळत होते. पण तेव्हा आम्हांला कुणी विचारायला शिकवले नव्हते आणि रांग मोठी होती. तिसऱ्यांदा ती भाजून आली. केसपेपरवर लिहिले गेले, स्टोव्हचा भडका. तिचे नाव मला अजून आठवते.

पुढे २००० साली मुंबई महापालिका आणि 'सेहत' या संस्थेने मिळून वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू केले. तिथे नर्स आणि डॉक्टरांना हेच शिकवले गेले: नवऱ्याला बाहेर बसवा, बाईला एकटीला विचारा, ती सांगेल ते लिहा, आणि तिला एकटी सोडू नका. सरकारी किंवा पालिकेच्या इस्पितळातच असे केंद्र असण्याचा फायदा असा, की दवाखान्यात जाण्याला कुणी हरकत घेत नाही. पोलीस चौकीत जाते म्हटले तर घर पेटते, औषधाला जाते म्हटले तर कुणी अडवत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की जगात साधारण तीनपैकी एका स्त्रीने आयुष्यात कधीतरी मारहाण किंवा लैंगिक अत्याचार सोसलेला असतो, आणि बहुतेक वेळा तो घरच्याच माणसाकडून असतो. अशा स्त्रियांत उदासीनतेचा आजार जवळजवळ दुप्पट दिसतो. झोप न लागणे, सतत डोके दुखणे, पोटाच्या तक्रारी, गर्भपात, कमी वजनाचे मूल, हेसुद्धा यातूनच येते. म्हणून हा विषय आरोग्याच्या पानावर घेते आहे.

आता दुबईकडे वळू. बाईंचा पहिला प्रश्न होता, "तिथे अरबांच्या राज्यात बाईचं कोण ऐकणार?" प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. २०१० साली संयुक्त अरब अमिरातीच्या सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले होते, की नवऱ्याने बायकोला आणि मुलांना शिस्त लावायला हरकत नाही, मात्र अंगावर खुणा राहता कामा नयेत. तेव्हा मी ती बातमी वाचली आणि त्या जिन्यावरच्या बाईची आठवण झाली. खुणा न ठेवता मारता येते हे नर्सला सांगावे लागत नाही.

पण त्याच देशात दुसरी बाजूही होती. २००७ साली दुबईत 'दुबई फाउंडेशन फॉर वुमन अँड चिल्ड्रन' ही संस्था सुरू झाली. मार खाणाऱ्या बायका, छळ झालेली मुले आणि फसवून विकलेल्या मुली यांच्यासाठी परवाना असलेले त्या देशातले हे पहिले आश्रयघर. देश, धर्म, भाषा काही पाहिले जात नाही. राहणे, जेवण, औषधपाणी, समुपदेशन, वकिली सल्ला, मुलांच्या शिक्षणाची सोय, सारे फुकट आणि गुप्त. अबू धाबीत २००८ साली 'इवा' हे आश्रयघर निघाले, ते मुख्यतः माणसांच्या व्यापारात अडकलेल्यांसाठी. त्या व्यापाराविरुद्धचा कायदा २००६ मध्ये आला होता.

मग २०१९ साली घरगुती हिंसेविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. त्यात शारीरिक मारहाणीबरोबर मानसिक, लैंगिक आणि आर्थिक छळही गुन्हा धरला गेला. सरकारी वकील संरक्षणाचा आदेश काढून मारणाऱ्याला तीस दिवसांपर्यंत दूर ठेवू शकतो आणि ही मुदत वाढवता येते. २०२४ मध्ये त्याची जागा आणखी कडक कायद्याने घेतली. आर्थिक छळाचा उल्लेख मला महत्त्वाचा वाटतो. बायकोच्या पैशावर हक्क बजावणे किंवा तिचे पैसे अडवून धरणे याला आपल्याकडे अजून 'घरचा कारभार' म्हणतात.

बाईंच्या लेकीचे पुढे काय झाले ते सांगते. त्या फोननंतर दुसऱ्या दिवशी जावई कामावर गेल्यावर तिने शेजारच्या केरळी बाईकडे जाऊन गिळताना दुखते म्हणून सांगितले. ती शेजारीण तिथल्या एका इस्पितळात सिस्टर. तिने ओढणी बाजूला केली, काही न विचारता तिला गाडीत घातले आणि इस्पितळात नेले. तिथल्या डॉक्टरांनी तपासून सगळे कागदावर लिहिले. मग तिथूनच फाउंडेशनला फोन गेला. बाईंना कळले ते रात्री, लेक सुरक्षित ठिकाणी पोचल्यावर. त्या केरळी सिस्टरला मी कधी भेटलेले नाही, पण जे मी १९७९ साली केले नाही ते तिने केले.

आश्रयघरात ती अडीच महिने होती. पहिले काही दिवस नुसती झोपली म्हणे. तिथल्या समुपदेशक बाईंनी घाई केली नाही. परत जा असेही म्हणाल्या नाहीत, सोड असेही नाही. हळूहळू हिशेब निघाला, की तिच्या हातात काय आहे? पासपोर्ट जावयाच्या खणात. बँकेचे कार्ड त्याच्याकडे. लग्नातले सोने सासूबाईंच्या लॉकरमध्ये. राहण्याचा व्हिसा त्याच्या नावावर, म्हणजे त्याने रद्द केला की ही देशाबाहेर. बी.कॉम.चे प्रमाणपत्र मात्र आईच्या लोखंडी कपाटात, ठाण्याला.

त्या कागदानेच काम केले. दुबईत शिकलेल्या माणसाला नोकरी हवी तर बहुतेक वेळा पदवीच्या कागदावर आधी आपल्या राज्य सरकारचा, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा, मग अमिरातीच्या दूतावासाचा असे शिक्के लागतात. लग्न झाल्यावर मुलीची पदवी कुणी शिक्के मारून पाठवत नाही, तिचा लग्नाचा दाखला तेवढा पाठवतात. बाईंनी ते काम अंगावर घेतले. वय ७२, दोन्ही गुडघे गेलेले, माझ्या गेल्या अंकातल्या लेखाप्रमाणे त्यांनी जिने टाळायला हवे होते. पण कचेऱ्यांचे जिने चढल्या, एजंटाकडे तीनदा गेल्या, एक फॉर्म चुकला म्हणून पुन्हा गेल्या. मी एकदा सोबत होते. रांगेत उभ्या असताना म्हणाल्या, "सांभाळून घे म्हणाले होते ना मी. आता मी सांभाळते." कागद कुरिअरने गेले तेव्हा त्यांचा रक्तदाब १७० होता. त्या दिवशी मी त्यांना रागावले.

घटस्फोटाचे काम मला वाटले होते त्यापेक्षा लवकर झाले. १ फेब्रुवारी २०२३ पासून अमिरातीत मुसलमान नसलेल्यांसाठी वेगळा नागरी कायदा लागू आहे. त्यात दोघांपैकी कुणालाही दुसऱ्याचा दोष सिद्ध न करता घटस्फोट मागता येतो, आणि मुले असतील तर ताबा साधारणपणे दोघांचा. तिथला घटस्फोट भारतात कितपत चालतो हा मात्र वेगळा प्रश्न आहे, त्यासाठी इथल्या वकिलाला विचारूनच पाऊल टाकावे. शिवाय २०१८ पासून घटस्फोटित आणि विधवा स्त्रियांना कुणाच्याही आधाराशिवाय एक वर्ष तिथे राहण्याची परवानगी मिळू शकते. त्या वर्षातच तिला एका कंपनीत हिशेबनिसाची नोकरी मिळाली. आता व्हिसा कंपनीचा आणि पासपोर्ट तिच्या पर्समध्ये. दोन बायकांबरोबर खोली भाड्याने घेतली आहे. पगार मोठा नाही. पण दर महिन्याला आईला थोडे पैसे पाठवते, आणि बाई ते खर्च न करता तिच्याच नावाने ठेवतात.

लग्नात आपल्याकडे केतुबा वाचून नवरीच्या हाती देतात, कारण तो तिचा कागद. मग पासपोर्ट आणि पदवी तिच्या हाती का नसावी? ज्यांच्या लेकी, नाती परदेशी आहेत त्यांनी हे आजच करून ठेवावे. पासपोर्ट, व्हिसा, एमिरेट्स आयडी, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, पदवी, या सगळ्याच्या प्रती तुमच्या घरी असू द्या. तिचे एकटीचे बँक खाते चालू राहू द्या. सोने तिच्या नावाच्या लॉकरमध्ये. यात जावयावर अविश्वास नाही. जावई चांगला असेल तर त्याला यात वावगे वाटायचे कारण नाही.

आणखी एक, आपल्याकडे कामाला येणाऱ्या बायकांविषयी. त्यांच्यापैकी कुणी "दुबईला घरकामाला जाते, एजंटाने तिकीट काढलंय" म्हणाली, तर तिला बसवून दोन प्रश्न विचारा. पासपोर्टवर 'ईसीआर' शिक्का आहे का आणि व्हिसा कसला आहे? दहावी न झालेल्यांना बहुधा हा शिक्का असतो. अशा बाईला घरकामासाठी आखाती देशात जायचे तर वय ३० पूर्ण हवे, सरकारची परवानगी हवी आणि पाठवणारी संस्था सरकारमान्य हवी, खासगी एजंट चालत नाही. तरीही एजंट टूरिस्ट व्हिसावर पाठवतात, आणि मग मालकाने मारले तरी तिच्याजवळ करारही नसतो. करार करून गेलेल्या बाईला तिथल्या २०२२ च्या कायद्याने आठवड्यात एक दिवस सुट्टी, दिवसाला बारा तास विश्रांती, त्यात सलग आठ तास, वर्षाला तीस दिवस पगारी रजा आणि स्वतःची ओळखपत्रे स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क आहे. आपल्यापैकी किती जणी घरच्या बाईला आठवड्याची सुट्टी देतात, हा प्रश्न माझ्याही मनात आला.

काही सावधगिरी. मुलगी संकटात आहे असे कळले की आपली माणसे पहिले काय करतात, तर व्हॉट्सॲपवर टाकतात. जावयाचा फोटो, भांडणाचे रेकॉर्डिंग, खाली चार ओळी. कृपा करून असे करू नका. अमिरातीत दुसऱ्याचा फोटो किंवा रेकॉर्डिंग त्याच्या संमतीशिवाय पसरवणे हा गुन्हा आहे, आणि तो उलट मुलीवरच शेकतो. परवानगीवाचून वर्गणी गोळा करणेही तिथे गुन्हा आहे. आपल्याकडे चार बायका एकत्र येऊन महिला मंडळ काढतात, तसे तिथे परवान्याशिवाय चालत नाही. म्हणून मदत मागायची ती ठरलेल्या दारातच.

फोनवर बोलताना शेजारी कुणी असेल असे धरूनच बोला. "तो मारतो का?" असे विचारू नका. "हो" किंवा "नाही" एवढ्यात उत्तर देता येईल असे विचारा. आधीच एखादा शब्द ठरवून ठेवा. बाई आणि त्यांची लेक आता "पुरणपोळी" म्हणतात. तो शब्द आला की आईने समजायचे, काहीतरी बिघडले आहे. लेक आता एकटी, सुखात आहे, तरी शब्द ठेवलाच आहे. आणि तिने काही सांगितलेच तर प्रथम एवढेच म्हणा, "माझा विश्वास आहे. घरी जागा आहे." बाकीचे नंतर.

नंबर मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ लावा, पण हे अमिरातीतूनच लागतात, आपल्या फोनवरून नाही, म्हणून लेकीला पाठ करायला सांगा. पोलीस ९९९, रुग्णवाहिका ९९८. दुबई फाउंडेशन ८००१११. भारतीयांसाठी दुबईतले प्रवासी भारतीय सहायता केंद्र ८०० ४६३४२. हे केंद्र २०१० मध्ये भारतीय कामगारांसाठी सुरू झाले, तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी त्याचे उद्घाटन केले होते. आपल्या दूतावासाकडे २००९ पासून एक कल्याण निधीही आहे. अडकलेल्या गरजू माणसाला राहायची जागा, परतीचे तिकीट, सुरुवातीची वकिली मदत त्यातून मिळू शकते. इथे भारतात त्रास असेल तर १८१ ही महिलांची हेल्पलाइन, तातडीला ११२. मुलगी परदेशी आणि तुम्ही इथे असाल, तर राष्ट्रीय महिला आयोगाकडेही परदेशस्थ नवऱ्यांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र विभाग आहे.

बाईंचा रक्तदाब आता १३८ आहे. पुढच्या महिन्यात लेक सुट्टीवर येते आहे. तिच्यासाठी अळूवडी करायची म्हणून बाईंनी मला पाने आणायला सांगितले आहे, कारण मंडईचा जिना मीच चढायचा असे आमचे ठरले आहे.

पुढच्या अंकात रक्तदाब आणि मीठ.